ती शिकवणीला यायची बंद झाली, आता मंडळीनं काय करायचं?

प्रिय ताई,
सप्रेम सलाम. मी नाशिकमधल्या एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाची सेक्रेटरी आहे. चर्चच्या हॉलमध्ये आम्ही शनिवार-रविवारी संध्याकाळी शेजारच्या वस्तीतल्या मुलांची शिकवणी घेतो. त्यातली नववीतली एक मुलगी दिवाळीत पेठकडं गावी गेली ती परत आलीच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, तिचं लग्न लावून दिलं. पंधरा वर्षांची आहे हो ती. आईवडील द्राक्षबागेत मजुरीला जातात, ख्रिस्ती नाहीत.
संघाच्या मीटिंगमध्ये विषय काढला तर तीन तट पडले. काही म्हणाले, जगाचं जगाला पाहू द्या, आपण प्रार्थना करू. काहींना लगेच स्टेटस ठेवायचं होतं, निवेदन काढायचं होतं. बाकीचे म्हणाले, आपण थोडे लोक, तोंड उघडलं तर धर्मांतराचा आळ येईल. एक काका तर म्हणाले, ‘आपल्याच मंडळीत हुंडा चालतो, आपण कोणत्या तोंडानं बोलणार?’ वस्तीच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान आहे, त्याबद्दलही असंच बोलणं होतं आणि राहून जातं. समाजातल्या अशा प्रश्नांवर ख्रिस्ती माणसानं बोलावं की नाही? बोलून काही फरक पडतो का?
– तुमची, एक सेक्रेटरी, नाशिक

प्रिय लेकी,
सप्रेम सलाम.

आधी त्या मुलीचं बोलू. संघाची चर्चा पुढच्या रविवारी झाली तरी चालेल, तिला तेवढा वेळ नाही.

लग्न लागलं म्हणजे सगळं संपलं, असं तुमच्या मीटिंगमध्ये सर्वांनी धरून चाललेलं दिसतं. तसं नाही. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. लग्नाच्या वेळी जी अठराच्या आत होती, तिला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वयाची वीस वर्षं पुरी होईपर्यंत, ते लग्न कोर्टाकडून रद्द करून घेता येतं. त्याआधीही तिच्या वतीनं बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला सोबत घेऊन पालक किंवा जवळची व्यक्ती अर्ज करू शकते. गावात हे काम ग्रामसेवकाकडं (आता ग्रामपंचायत अधिकारी) असतं, शहरी भागात बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडं. शिवाय अठराच्या आतल्या मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे, मग करणारा तिचा नवरा का असेना. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली हे स्पष्ट केलं आहे. आणि असं काही घडतंय हे ज्याला माहीत आहे त्यानं ते कळवलंच पाहिजे, असं मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा सांगतो. म्हणून हे चार वडीलधाऱ्यांनी बसून मिटवायचं प्रकरण नाही.

आजच १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन कर. फोन फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो. मुलीचं नाव, शाळा, गाव, लग्न कधी लागलं, जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांग, अंदाज सांगू नकोस. बाल कल्याण समितीपर्यंत विषय गेला की तिला सुरक्षित कुठं ठेवायचं, शाळा कशी सुरू करायची, हे ठरवायचा अधिकार त्यांच्याकडं आहे. संघाच्या पोरांनी गाड्या काढून तिच्या सासरी जाऊ नये. चांगल्या मनानं गेलेल्या दहा तरुणांचा घोळका दारात उभा राहिला की सगळं गाव त्या मुलीच्या विरोधात उभं राहतं, आणि तुम्ही परत फिरल्यावर तो राग तिच्यावर निघतो.

तिच्या आईकडं मात्र तू स्वतः जा. वस्तीतल्या अंगणवाडीताई आणि मुलीच्या वर्गशिक्षिका सोबत असू देत. गेल्या गेल्या तुरुंगाचं बोलू नकोस. आधी ऐकून घे. पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडच्या बागांत येणारी ही कुटुंबं. ऑक्टोबर छाटणीला जे काम लागतं ते मार्च-एप्रिलच्या काढणीपर्यंत सुटत नाही. उजाडायच्या आत गाडीत बसायचं, अंधार पडल्यावर परतायचं. त्या बारा तासांत पत्र्याच्या खोलीत वयात आलेली पोर एकटी. शेजारी कोण दारू पिऊन येतो, कोण दारात रेंगाळतो, हे आईला कळतं आणि तिच्याजवळ त्याला उत्तर नसतं. थोरलीच्या मांडवातच धाकटीचं उरकलं तर एक खर्च वाचतो, हाही हिशोब असतो. त्या आईनं जे केलं ते चूकच, त्यानं मुलीचं आयुष्य मोडतं. पण तिची भीती खोटी नाही. आपण ज्याला ‘सामाजिक नैतिक प्रश्न’ म्हणून मीटिंगमध्ये घेतो, तो त्या घरात एवढाच असतो, की मी कामावर गेल्यावर माझ्या पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवू?

या प्रश्नाचं उत्तर मंडळीकडं असेल तर मंडळीच्या बोलण्याला वजन येईल. तुझ्या पत्राला माझं खरं उत्तर हेच आहे, बाकीचं यातूनच निघतं.

तू नाशिकची आहेस, शरणपूर रोडवरून रोज जातेस-येतेस. तिथं १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीनं ख्रिस्ती वस्ती वसवली. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जात, त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं आणून ठेवली होती. इंग्लंडच्या पार्लमेंटनं १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, १८३३ मध्ये गुलामगिरीविरुद्ध कायदा केला. त्यासाठी अनेक ख्रिस्ती लोकांनी वर्षानुवर्षं भाषणं केली, अर्ज केले, गुलामांच्या श्रमातून येणाऱ्या साखरेवर बहिष्कार टाकला. ते सगळं लागतंच. पण जहाजावरून उतरवलेलं दहा वर्षांचं पोर आज रात्री झोपणार कुठं आणि उद्या पोट कशावर भरणार, याचं उत्तर कायद्याच्या कागदात नव्हतं. ते शरणपुरात द्यावं लागलं. तिथं त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. प्रसिद्ध मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा सोबत असलेल्यांपैकी तो एक होता, आणि १८७४ मध्ये मृतदेहाबरोबर इंग्लंडला गेलाही तोच. मिशनऱ्यांचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणत नाही. त्या काळच्या साम्राज्याचा ताठा त्यांच्यातही होता. पण दुष्टाईला नुसता निषेधाचा ठराव पुरत नाही, त्या माणसाला जागाही द्यावी लागते, हे त्यांना कळलं होतं.

तुमच्याकडं हॉल आहे. आठवड्यातले पाच दिवस तो कुलूपबंद असतो ना? शाळा सुटल्यापासून आई कामावरून परत येईपर्यंत तो मुलींसाठी उघडा ठेवा. मंडळीतल्या दोन बाया रोज हजर राहतील अशी पाळी लावा. महिला संघात निवृत्त शिक्षिका, नर्सबाई नक्कीच असतील, आणि त्यांना कुणी काम सांगितलेलं नसेल. अभ्यास, थोडं खाणं, स्वच्छ संडास आणि अंधार पडल्यावर घरापर्यंत सोबत, एवढंच करा. आई-वडील हंगामाला बाहेर जाणार असतील तर मुलीला आश्रमशाळेत किंवा एखाद्या बोर्डिंगमध्ये जागा मिळवून द्यायला मदत करा. तुमच्या मंडळीतल्या किती आज्या बोर्डिंगमध्ये राहून शिकल्या ते विचारून बघ. त्यांना कुणीतरी ती जागा दिली म्हणून आज तुम्ही सगळ्या पदवीधर आहात.

मुलांसोबत काम करताना एक नियम दगडावरची रेघ समजा. कुणीही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहणार नाही, आणि तक्रार कुणाकडं करायची त्याचा फोन नंबर भिंतीवर लावलेला असेल. आपल्या संस्थांतही मुलांवर अत्याचार झाले आहेत आणि ते झाकले गेले आहेत. हे बोललं की मंडळीतले काही वडीलधारे नाराज होतात. होऊ देत.

आता तुमच्या तीन तटांकडं येते.

जे म्हणतात, जगाचं जगाला पाहू द्या, त्यांच्या प्रार्थनेची मी चेष्टा करणार नाही. मी स्वतः गुडघे टेकल्याशिवाय दिवस सुरू करत नाही. पण बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पत्र पाठवलं ते त्यांना वाचायला दे. परक्या राजाचं, परक्या देवांचं शहर, आणि तरीही संदेष्टा सांगतो, तिथं घरं बांधा, बागा लावा, त्या शहराचं हित पाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. हित पाहणं आणि प्रार्थना करणं तिथं एकाच वाक्यात आलं आहे. नाशिक तर आपल्याला परकंही नाही. गोदेच्या काठच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आपल्याच. हे शहर आपलं आहे, त्याची घाणही आपली.

स्टेटसवाल्यांना माझं म्हणणं जरा कडक वाटेल. योहानाच्या शुभवर्तमानातली ती व्यभिचारात धरलेली स्त्री आठव. ‘पुन्हा पाप करू नको’ हे शेवटचं वाक्य आपण फार आवडीनं सांगतो. पण प्रभूनं आधी काय केलं? हातात धोंडे घेतलेल्यांना तिथून घालवलं. ती सुरक्षित झाली, एकटी उभी राहिली, मगच तिच्याशी बोलला. आपण क्रम उलटा करतो. त्या मुलीच्या आईबापांना ‘असले लोक’ म्हणून शंभर जणांच्या ग्रुपवर उभं करतो, मुलीचा फोटोही टाकतो. अल्पवयीन मुलीची ओळख उघड करणं बेकायदा तर आहेच, ते क्रूरही आहे. संघातल्या कुणी फोटो टाकला असेल तर आज रात्रीच काढायला लाव. जाहीर बोलायची वेळ येते, मी नाही म्हणत नाही. एखाद्या कार्यालयात तीनदा जाऊनही तक्रार घेतली जात नसेल तर जरूर लेखी निवेदन द्या, पत्रकाराला भेटा. पण ज्यांनी हॉल उघडला, कागद गोळा केले, त्यांनी ते बोलावं.

आता धर्मांतराच्या आळाची भीती. ही भीती मला खोटी वाटत नाही, आणि ‘धीर धरा’ एवढं सांगून मी ती झटकणार नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घे. १८८९ मध्ये त्यांनी विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळात होती. सदनात मुलींना ख्रिस्ती केलं जातं असा गवगवा झाला, १८९३ मध्ये या मंडळींनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं, मी माझी प्रार्थना दार बंद करून करणार नाही, पण कुणावर सक्तीही करणार नाही. इतिहासकार त्यावर आजही वाद घालतात. मला त्यातून तुझ्यासाठी जे दिसतं ते असं. आपण ख्रिस्ती आहोत हे लपवायचं नाही, आणि मदतीच्या बदल्यात काहीही मागायचं नाही, उपस्थिती नाही, प्रार्थना नाही, पत्रक वाचणंही नाही. अभ्यासिकेच्या वेळात धर्मशिक्षण होणार नाही, हे पालकांना तोंडी आणि लेखी सांगा. येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला, म्हणून बाकी नऊ जणांचं बरेपण त्यानं परत घेतलं नाही. मदतीच्या आड गळ आहे की काय, असा संशय ज्या आईला येतो ती मुलीला पाठवणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल.

एवढं करूनही आळ आला तर? रमाबाईंवर तो आला आणि त्या थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायांना केडगावला आसरा दिला. त्याच १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता, आणि प्लेगच्या दवाखान्यात-छावणीत बायकांचे काय हाल होतात ते त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या वृत्तपत्राला पत्र लिहून चव्हाट्यावर आणलं. सरकार इंग्रजांचं, म्हणजे धर्मानं त्यांच्याच लोकांचं. गव्हर्नर चिडले, विलायतेतही प्रश्न विचारला गेला. तरी त्या मागं हटल्या नाहीत. आपल्या धर्माच्या सत्तेलाही बोलणारी बाई पक्षपाती आहे असं म्हणणं लोकांना जड जातं. तुमच्या संघाला विश्वास हवा असेल तर तोही याच रस्त्यानं मिळेल.

म्हणजे गाडी त्या काकांच्या प्रश्नावर आली. ‘आपण कोणत्या तोंडानं बोलणार?’ हा प्रश्न त्यांनी गप्प बसायचं कारण म्हणून विचारला असेल, पण मला तुमच्या मीटिंगमधलं तेच सगळ्यात खरं बोलणं वाटलं. त्यांना टाळू नका. हुंडाबंदी १९६१ पासून आहे, आणि आपल्याकडं ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या’ म्हणत फ्लॅटच्या हप्त्यापर्यंत बोलणी जातात. लग्न जुळवताना बाप्तिस्म्याच्या दाखल्याआधी ‘मूळचे कोण?’ हे विचारलं जातं. प्रभुभोजनाला एका रांगेत बसणारी माणसं सोयरिकीला वेगळी होतात. वस्तीतल्या लोकांना हे माहीत नाही असं समजू नका. त्यांच्यातल्या कितीतरी बाया आपल्या घरी धुणीभांडी करतात.

यावर चौकात बोलायची गरज नाही. बायबलमधला नाथान संदेष्टा दावीद राजाकडं त्याच्या महालात गेला आणि गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगून राजाच्याच तोंडून निकाल काढला. तुम्हीही पाळकसाहेबांकडं जा. ख्रिस्ती विवाहाचा १८७२ चा कायदाही मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस हेच वय सांगतो. वयाचा पुरावा हातात आल्याशिवाय मंडळीत लग्नाची सूचना वाचली जाणार नाही, एवढं तरी कमिटीनं लेखी ठरवावं. आणि त्याहून अवघड गोष्ट तुमच्या संघातल्या लग्नाच्या मुलांनी करायची आहे. त्यांनी आपल्या आईसमोर उभं राहून सांगायचं, माझ्या लग्नात मुलीकडून रुपयाही यायचा नाही, आणि मुलगी कुठल्या जातीतून आलेल्या घरातली आहे ते कुणी विचारायचं नाही. स्टेटसला पैसा लागत नाही. या वाक्याला लागतो, घरात अबोलाही सोसावा लागतो. दोन मुलांनी जरी हे केलं तरी काकांना उत्तर मिळेल, आणि वस्तीतही ते पोहोचेल.

दारूच्या दुकानाबद्दल थोडक्यात. ‘दारू पाप आहे’ म्हणून मोर्चा नेलात तर चार जण टाळ्या वाजवतील आणि दुकान चालूच राहील. आपल्या राज्यात बाटली आडवी करायची रीतसर तरतूद आहे. प्रभागातल्या ठरावीक महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की त्यावर मतदान होतं, उभी बाटली की आडवी. सह्या किती आणि मतं किती लागतात, हे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात जाऊन आजच्या नियमानुसार विचारा, कारण यात बदल होत असतात. सह्यांची पडताळणी होते, नाव मतदारयादीशी जुळलं नाही तर सही बाद होते, म्हणून यादी आधी मिळवा. पण पुढं राहायचं वस्तीतल्या बायांनी. मार त्या खातात, पगार त्यांच्या घरातला जातो. तुम्ही कागद भरायला, तहसील-कचेरीत सोबत जायला, बैठकीला हॉल द्यायला. मंडळीचा फलक तिथं लावू नका.

आणि सोबतीला कोण आहेत ते बघ. या शहरात काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षं चालला. २०१३ मध्ये याच नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीला बापानंच मारलं. त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, आणि २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला. यातले बहुतेक लोक आपल्या चर्चमध्ये कधी आलेले नाहीत. काहींचा देवावरच विश्वास नाही. त्यांच्याकडून शिकायला, त्यांच्या हाताखाली काम करायला लाज वाटू देऊ नका. जे न्यायाचं आहे ते त्यांच्या हातून झालं तरी ते आपल्या देवाला आवडणारंच आहे. बायबलचं वचन आपल्याला बळ द्यायला आहे. कचेरीतल्या अर्जात कायद्याचं कलम लिहा.

फरक पडतो का, असं तू विचारलंस. लवकर पडत नाही. पहिल्या वर्षी अभ्यासिकेत सहा मुली येतील आणि त्यातल्या एकीचं तरी लग्न तुम्हाला न कळता लागेल. त्या दिवशी संघातले अर्धे लोक म्हणतील, काही उपयोग नाही. म्हणून पहिल्याच मीटिंगमध्ये सगळ्यांकडून कबूल करून घे, तीन वर्षं आपण हे एकच काम करणार. दरवर्षी नवा विषय आणि नवा फलक नको.

उद्या सकाळी त्या आईकडं जाशील तेव्हा शाळेतून मुलीच्या जन्मतारखेचा दाखला घेऊन ठेवायला विसरू नकोस. वर्गशिक्षिकेला सांगितलंस तर त्या मुख्याध्यापकांकडून मिळवतील. बाल कल्याण समितीसमोर पहिल्यांदा तोच मागतात. अर्ज लिहिताना अडलीस तर मला पुन्हा लिही, मसुदा पाठव, मी बघून देते.

तुझी,
ताई